पानात काय राहिलं

बावडा, ता. इंदापूर
३ ऑक्टोबर २०२५

महिपती,

अक्काचा आशीर्वाद घे, चष्मा लाव आणि ओसरीवर एकटा बसून वाच. सुप्रियाला वाचायला देऊ नकोस. तुझी सून गुणाची आहे, पण तिच्या पोटात काही टिकत नाही. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी मोरगावच्या बाजारात ऐकू येतं.

फोन का केला नाही म्हणशील. अरे, फोन कानाला लावला की मला नुसती माशी गुणगुणल्यासारखं होतं. मी "काय?" म्हणते, समोरचा ओरडतो, आणि सगळ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. माझ्या गोकुळच्या पाटीवर त्याच्याबरोबर अक्षरं गिरवली ती काही वाया गेली नाहीत.

आता मुद्द्याचं. गोकुळची लेक प्रगती हॉटेलचं शिकून पुण्याला लागली, हे तुला माहीत आहे. खराडीत त्या काचेच्या कंपन्या आहेत ना, त्यांच्या मधोमध दक्षिणेकडच्या जेवणाचं एक भारी हॉटेल आहे. नाव 'इलै'. म्हणजे त्यांच्या भाषेत पान. गोकुळ गावात सांगायचा, पोरगी ऑफिसर आहे. ऐन पोळ्याला आमच्या शेजारचा शंभूराज तिथं जेवून आला आणि पारावर चार माणसांत बोलला, "गोकुळतात्या, तुमची प्रगती तर तितं लोकांची उष्टी उचलती!"

झालं. गोकुळनं तिला फोन लावला. मी समोरच होते. असा ओरडत होता की मलासुद्धा ऐकू आलं. "उचलतीस का न्हाय, एवढंच सांग." ती काय म्हणाली ते मला सूनबाईनं नंतर सांगितलं. ती म्हणाली, "उचलते, पण अण्णा..." आणि त्यानं फोन ठेवला. त्या 'पण'च्या पुढं काय होतं, ते आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही.

तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नाही. चहातली साखरसुद्धा सोडली आहे त्यानं. पोरगी घरी येईपर्यंत गोड खायचं नाही, असा काही पण केला असावा. बोलत नाही, पण कळतं मला. लहानपणी गुळाच्या खड्यासाठी माझ्या पदराला लोंबकळणारा हा पोरगा. काल दसऱ्याला त्यानं श्रीखंडाची वाटी हातानं बाजूला सारली.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी जाऊन तिचं बोचकं उचलून आणतो म्हणतोय. सूनबाई रडते. मी अजून काही बोललेले नाही. या घरात शेवटचा शब्द माझाच चालतो, पण तो टाकायचा तर डोळ्यांनी पाहिलेलं हवं. मी निघाले तर गोकुळ विचारणार, कुठं. म्हणून तू जा. गिऱ्हाईक होऊन जा, जेव, बघ. पोरगी तिथं मानानं आहे का आणि मनानं बरी आहे का, ते कळव. जसं असेल तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

तुझी अक्का,
प्रयाग

~

कऱ्हाटी, ता. बारामती
९ ऑक्टोबर २०२५

अक्का,

तुझ्या पायांवर डोकं. मंगळवारी जाऊन आलो. एकट्याला धीर होईना म्हणून मोरगावच्या गेणबाला बरोबर घेतलं. शेरडं भावाच्या गळ्यात मारून, नवा पटका बांधून तो माझ्या आधी स्टँडवर हजर! सासवडमार्गे हडपसर, तिथून रिक्षा.

अक्का, काय ती वस्ती! उभ्याच्या उभ्या काचा. इमारतीकडं बघावं तर आपणच दिसतो. गेणबा एका काचेपुढं उभा राहून पटका सारखा करत होता, तर आतून चार पोरं हसायला लागली. आतनं सगळं दिसतं म्हणे.

हॉटेल तळमजल्याला. दारात माणसाएवढी पितळी समई, खाली काळ्या दगडाची फरशी, अशी गुळगुळीत की गेणबानं वहाणा काढून हातात घेतल्या. दारवाला म्हणाला, "बाबा, घाला हो पायात." गेणबा म्हणाला, "न्हाय बाबा, समई तेवतीय." आत उजेड कमी, पण मुद्दाम कमी केलेला. गळ्यात पट्टे अडकवलेली कंपन्यांतली पोरंपोरी, हळू आवाजात इंग्रजी. गेणबाचा हळू आवाज म्हणजे शेरडांना हाळी, तुला ठाऊकच आहे.

आता खरी गंमत ऐक. ताटं आली. डोसा म्हणजे काय, उभी केलेली टोपी! ताटाच्या मधोमध ताठ. मी हात घालणार, तेवढ्यात गेणबानं माझं मनगट धरलं.

"म्हैपती, थांब. पंगत पुरी हुं दे."

खरंच की. समोरच्या टेबलावर अजून काही आलं नव्हतं. कोपऱ्यात पाच जण नुसते पाणी पीत बसलेले. सगळ्यांना वाढल्याशिवाय आपण कसा घास उचलायचा? बसलो हात मांडीवर ठेवून. कोपऱ्यात वाढून झालं, तर दारातून आणखी तिघं आले. त्यांना वाढेपर्यंत दुसरे आले. डोशाची टोपी हळूहळू वाकायला लागली. गेणबा घाम पुसतोय, "आज हितलं गाव लई उशिरा यायला लागलंय."

शेवटी कोट घातलेला मॅनेजर आला. घाबरलेला. "काका, काही चुकलं का? बदलून देऊ?"

गेणबा म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाय. त्या खिडकीतल्या पाव्हण्यांचं पान अजून यायचंय. आलं की बसतोच आमी."

मॅनेजरला आधी कळेना. कळल्यावर तो खिडकीपाशी जाऊन त्या पोरांच्या कानात बोलला. त्यातल्या एका पोरानं उठून हात जोडले, "आजोबा, आमचं राहू द्या, तुम्ही सुरू करा!" मग आजूबाजूची सगळीच म्हणायला लागली, सुरू करा, सुरू करा. गेणबानं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, आणि अक्का, कोपऱ्यातल्या दोघांनी तिकडून साथ दिली. कुणीतरी गावाकडचीच पोरं असणार.

जेवण एक नंबर. सांबारातला शेवगा मात्र जून होता. आपला असता तर बोटं चाटली असती. चार तऱ्हेच्या चटण्या. त्यात एक काळी, कारळ्याची, लसूण सालीसकट भाजून घातलेला, अगदी तुझ्या हातच्यासारखी. म्हटलं, तिकडंही अशीच करतात वाटतं. मग कॉफी. पितळेचा पेला आणि खाली वाटी. गेणबानं वाटीत ओतून फुर्रकन ओढली. मी डोळे वटारले, तर मॅनेजर म्हणाला, असंच पितात. गेणबा अजून ते सगळ्या मोरगावला सांगत फिरतोय.

प्रगती भेटली. बरी आहे. अंगानं सुधारली आहे. काळजी करू नये.

इकडं शेवग्याला फुलोरा चांगला आहे. सुप्रिया तुझी आठवण काढते.

तुझा,
महिपती

~

बावडा
११ ऑक्टोबर २०२५

महिपती,

आशीर्वाद देते, पण आज जरा हात आखडूनच.

तुझं पत्र वाचून मी पोट धरून हसले. सूनबाईला वाचून दाखवलं, तीही किती दिवसांनी हसली. मग रात्रभर मला झोप नाही.

डोशाची टोपी वाकली ते मला कळलं. गेणबाच्या वहाणा कुठं होत्या ते कळलं. शेवगा जून होता तेही कळलं. आणि माझी नात चार शब्दांत आटोपली? अरे, तिच्यासाठी तुला धाडलं होतं, का गेणबाला कॉफी पाजायला?

तुला मी काखेत घेऊन वाढवलंय. तुला काही लपवायचं असलं की तू जेवणाचं लिहितोस. आपली गाभण म्हैस गेली, तेव्हा तू मला जत्रेतल्या मटणाचं सविस्तर पत्र धाडलं होतंस. मी तेव्हाच ओळखलं होतं की गोठ्यात काहीतरी झालंय.

गोकुळ ठरल्याप्रमाणे रविवारी निघणार. मध्ये थोडेच दिवस आहेत. काय पाहिलंस ते सगळं लिही. कुठं उभी होती, काय करत होती, कसं बघत होती, काय बोलली. एकही गोष्ट गाळू नकोस, क्षुल्लक वाटली तरी. आणि या वेळी जेवणाचं एक अक्षर नको.

अक्का

~

कऱ्हाटी
१३ ऑक्टोबर २०२५

अक्का,

नमस्कार. तुझ्यापुढं माझं कधी चाललंय? लिहितो.

शंभूराज खोटं बोलला नाही.

आमची कॉफी चालली होती. शेजारच्या टेबलावरचे साहेबलोक उठून गेले, आणि ती आली. काळा एप्रन, डोक्याला घट्ट रुमाल, हातात मोठं तबक. आधी मी ओळखलंच नाही. मागून चाल बघितली आणि ओळखलं, थेट तुझी चाल. ती त्यांची ताटं गोळा करत होती. एकानं उरलेल्या भातात हात पुसायचा कागद खुपसून ठेवला होता. तो तिनं बोटांनी बाहेर काढला.

आणि अक्का, ज्यानं माझं काळीज हललं ते सांगतो. ती ताटं नुसती उचलत नव्हती. प्रत्येक ताटावर वाकायची, जरा थांबायची, निरखून बघायची. एक वाटी तर तिनं नाकाशी नेली. लोकांच्या उष्ट्यात काय बघायचं असतं गं? मला भडभडून आलं. गोकुळच्या बागेत केळीचे घड लोंबतायत आणि ही पोरगी परक्याच्या खरकट्यात तोंड घालून उभी.

मग आमच्याकडं वळली. मला पाहिलं आणि तोंडभर हसली.

"आबा! तुमी कधी आलात? नीट जेवलात का?"

मी मान खाली घातली. गेणबानं आपलं ताट दोन्ही हातांनी दाबून धरलं. "पोरी, आमचं उष्टं तू उचलायचं न्हाय. गावाकडं काय सांगू आमी?"

तिचं हसू गेलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "आबा, अण्णांनी पाठवलं का तुमाला?"

"न्हाय गं, असंच," म्हटलं, आणि एस.टी.चं निमित्त करून उठलो. ती दारापर्यंत आली, तबक हातात तसंच. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकायला थांबलो नाही. मला बघवेना.

तू माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगतो. गोकुळ तिला आणतोय ते बरोबर आहे. शिकलेली पोरगी आहे. बारामतीत एखाद्या ऑफिसात लावू. माझ्या लेकाच्या, दीपकच्या, चार ओळखी आहेत तिथं. तू मध्ये पडू नकोस.

तुझा,
महिपती

~

बावडा
१६ ऑक्टोबर २०२५

महिपती,

शहाणा आहेस, आशीर्वाद आहेच. पण तू मला मध्ये पडू नको म्हणालास, आणि त्याच पत्रात मी मध्ये का पडावं ते स्वतःच लिहून धाडलंस.

मी या घरात नवी नवरी होऊन आले, तेव्हाची गोष्ट. सासूबाई शब्दानं काही सांगायच्या नाहीत. पुरुषमाणसं तर जेवायची आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवून उठायची. आमटी जमली का बिघडली, कुणाला विचारणार? मग मी ताटं उचलताना बघायला लागले. मामंजींनी भाकरीचा काठ ठेवला म्हणजे भाकरी कडक झाली. दिरांनी वाटीत रस्सा ठेवला म्हणजे मीठ चढलं. भाजीतल्या फोडी खाल्ल्या आणि मसाला तळाशी राहिला, तर तो कच्चा. वाटीचा वास घेतला की समजायचं, कुठला जिन्नस करपला. असं करत करत मी स्वयंपाक शिकले. गावच्या सप्त्याची आमटी पुढं माझ्याकडं कशी आली, तुला काय वाटतं?

मोलकरीण ताटात बघत नाही रे. तिला काय पडलंय कुणी काय टाकलं त्याचं? ताट उचलताना जो वाकून बघतो, तो चुलीचा माणूस असतो.

आणि दुसरं. कारळ्याची चटणी तिकडंही करत असतील, मला माहीत नाही. पण लसूण सालीसकट भाजून घालणारी मी एकच बाई आहे. सूनबाईसुद्धा सोलून घालते. मला बघून हे फक्त एका पोरीनं उचललं. सुट्टीत येऊन माझ्या चुलीपुढं उकिडवी बसायची ती. तू जी चटणी चाटून आलास, ती माझ्या नातीची. आणि तुला वाटलं, तिकडची!

हे सगळं गोकुळला काल सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुजं आपलं घरातलं. घरच्यांचं उचलणं येगळं."

मी म्हटलं, "सप्त्यात काल्याच्या दिवशी पत्रावळी कोण उचलतं रे? तू. दर वर्षी. टोपली मिळवायला पोरांशी भांडतोस. त्या काय घरच्यांच्या असतात? सगळ्या गावाच्या असतात."

"ते देवाचं काम हाय. हे पोटाचं."

"पोटाचं काम हलकं कधीपास्नं झालं? केळीला औषध फवारतोस ते काय देवाला?"

तो उठला. फवाऱ्याचा पंप उचलून मळ्यात निघून गेला. तेव्हा ऐक, अजून काही जमलेलं नाही. तो रविवारी जाणार, आणि तिला आणणारच म्हणतो. पण मी त्याला सांगितलंय, गाडीत पुढची जागा माझी. मीही येणार. तो "कशाला?" म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग आहे.

माझा अंदाज चुकला तर तुझं ऐकेन आणि पोरीला माझ्या हातानं घरी आणेन. बरोबर निघाला, तर तू आणि गेणबा दोघांनी तिची माफी मागायची.

अक्का

~

बावडा
२० ऑक्टोबर २०२५

महिपती,

हे पत्र पोस्टानं नाही. गोकुळ उद्या खत आणायला बारामतीला चालला आहे, त्याला कऱ्हाटीवरून वळसा घालायला लावलाय. तू वाचून होईपर्यंत तो ओसरीवर बसेल. वाचताना मध्येमध्ये त्याच्याकडं बघू नकोस, तो लाजतो.

काल गेलो. गोकुळनं कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते, कोर्टात जावं तसे. हॉटेलात शिरलो. ते काचेचं आणि समईचं तू लिहिलंसच. मला एवढंच आवडलं की खुर्चीला पाठ टेकते. आम्ही बसलो. वाढपी आला तर हा म्हणाला, "आमी जेवाय आलो न्हाय. प्रगतीला बोलवा."

मी म्हटलं, "मी जेवाय आलेय. दोन पानं वाढ."

रविवारी तिथं केळीच्या पानावर जेवण असतं. पान पुढं आलं आणि गोकुळनं मान खाली घातली ती पानावरच. तुझा भाचा रुसला असला तरी केळीवाला आहे. त्यानं पानाला हात लावला, शिरेवरनं बोट फिरवलं, उलटं करून बघितलं. तेवढ्यात प्रगती आली. तोच एप्रन, तोच रुमाल. टेबलापाशी उभी राहिली. एवढे दिवस अबोला धरलेला बाप लेकीला पहिलं वाक्य काय बोलला असेल?

"ही असली फाटकी पानं वाढता व्हय गिऱ्हाईकाला?"

तिनंही तोंड चुकवलं नाही. "चांगली मिळत न्हाईत, अण्णा."

"मिळत न्हाईत म्हंजी? हे उन्हानं करपलंय. शिर मोडलीय. कुणी कापलं हे, कोयत्यानं का दातानं?"

"मग तुमी दाखवा कसं कापायचं ते."

त्यानं पान सरळ करून ठेवलं. ती वाढायला लागली. माझ्या कानापाशी वाकून ओरडून सांगत होती, हे काय, ते काय. सगळ्या हॉटेलाला फुकटात शिकवणी झाली. मग आतून एक पिकल्या केसांची बाई आली, नाकात दोन्हीकडं चमक्या. तिला सगळे अम्मा म्हणतात. तिथली मुख्य स्वयंपाकीण. ती काय बोलली ते मला समजलं नाही, तर प्रगती परत कानात ओरडली, "आजी, अम्मा म्हणती, जिला माझी चूल पायजे तिनं आधी पानं उचलायची! लोक तोंडावर गोड बोलत्यात, पान खरं बोलतं! पाडव्यापास्नं दुपारच्या जेवणाची सगळी चूल माझ्याकडं येणार हाय!"

महिपती, हेच त्या 'पण'च्या पुढचं होतं. बापानं फोन धरला असता तर पोळ्यालाच कळलं असतं.

मी गोकुळकडं बघितलं. त्यालाही ऐकू गेलं होतं, पण वाकायला तयार नव्हता. "ते ठीक हाय," म्हणाला, "पर लोकं काय बघत्यात? लोकं उचलताना बघत्यात." मात्र जेवत होता. भात, सांबार, रसम, पापड. कारळ्याची चटणी पानावर आली तेव्हा एक घास घेऊन थांबला, माझ्याकडं बघितलं, आणि परत मागून घेतली. मी काही बोलले नाही. जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं, एवढी अक्कल मला आहे.

पण मी कुठली जिंकतेय, खरी गोष्ट पुढंच होती.

जेवण झालं. गोकुळनं पान दुमडायला हात पुढं केला. प्रगती तबक घेऊन उभीच होती. तिनं त्याचा हात तसाच धरला आणि पानावर वाकली. तू लिहिलंस तशीच. निरखून. सगळं पान स्वच्छ होतं. फक्त कडेला पायसमची, म्हणजे त्यांच्या खिरीची, वाटी भरलेली. त्याला बोटसुद्धा लागलेलं नाही. जिलबीही तशीच.

ती काहीतरी बोलली, अगदी हळू. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. गोकुळनं मान हलवली, नाही म्हणून. तिनं परत विचारलं. या वेळी त्याची मान हललीच नाही. वाटीकडं बघतच काहीतरी पुटपुटला. तिचे डोळे भरून आले, आणि तिनं त्याच्या मनगटावरचा हात काढला नाही.

मी ओरडले, "अरे, काय झालं ते मला कुणी सांगंल का?"

प्रगती माझ्या कानाशी आली. या वेळी ओरडली नाही, तरी ऐकू आलं. "आजी, अण्णांना साखरेचा आजार झालाय. उन्हाळ्यापास्नं. कुणालाच सांगितलं न्हाय त्यांनी."

ऐकलंस? आणि मी समजत होते, गोड सोडायचा पण केलाय! रोज त्याचं ताट माझ्यासमोर. रोज चहा बिनसाखरेचा. दसऱ्याला श्रीखंडाची वाटी सारली ती माझ्या डोळ्यांदेखत. सगळ्या गावाला ताटं वाचायची म्हणून सांगणारी मी, पोटच्या पोराचं ताट चुकीचं वाचत बसले. आणि या पोरीनं एका नजरेत ओळखलं. तिला म्हणे त्याचं जेवण पुरतं माहीत. बाकी काहीही ठेवतील, पण अण्णा गोड ठेवायचे नाहीत.

"औषध घेता का?" तिनं विचारलं.

"घेतो. आठवलं की."

"आठवलं की?" ती अशी काही बोलली त्याला! मला निम्मंच ऐकू आलं, पण आजूबाजूची पोरं खाली बघायला लागली. मग मी घेतला त्याला फैलावर. आता बघ, मी ओरडले म्हणजे किती लोकांनी ऐकलं असेल.

तो सगळं ऐकून घेत होता. मग पान उचलायला उठला. आपलं आपण. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या अण्णा, ते माजं काम हाय."

थोडा वेळ दोघांचाही हात पानावर होता. चार टेबलांवरची माणसं बघत होती. जी माणसं बघतात म्हणून एवढं रामायण झालं, तीच. मग गोकुळनं हात काढला. परत बसला, खुर्चीला पाठ टेकली, आणि लेकीला आपलं पान उचलू दिलं.

बोचक्याचा विषय निघालाच नाही.

येताना भिगवणला चहाला थांबलो. हॉटेलवाला ओळखीचा, दोन चार पुढारीही बसलेले. गोकुळ मोठ्यानं म्हणाला, "मला बिनसाखरेचा. मला साखर झालीय." आणि त्यातल्या एकानं विचारलं, "कुणाकडं गेलावता, तात्या?" तर म्हणाला, "पुण्याला. पोरगी सैपाकीण हाय तितं. मोठी." ऑफिसर म्हणाला नाही.

आज सकाळी बघते तर हा बागेत. घड काढून झालेल्या झाडांची पानं निवडत होता, एकेक उन्हाला धरून. मी म्हटलं, काय चाललंय? तर म्हणाला, "काय न्हाय, बघतोय." बघू दे.

तुझी माफी राहिली आहे, विसरू नकोस. भाऊबीजेला येतोस ना? ओवाळणीत मला काही नको. शेवग्याच्या शेंगा आण, कवळ्या. प्रगतीला धाडायच्यात. तिकडचा जून असतो, असं एका खवय्यानं मला कळवलं आहे.

अक्का

~

कऱ्हाटी
२१ ऑक्टोबर २०२५

अक्का,

पायांवर डोकं, आणि दोन्ही कान माझ्याच हातात.

गोकुळ समोर बसला आहे, म्हणून घाईत लिहितो. सुप्रियानं सवयीनं चहात साखर घातली होती. मी काही बोलायच्या आत यानंच सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई!" म्हणजे आता उद्यापर्यंत मोरगावला कळेल. कळू दे. गोकुळ म्हणतोय, कळू दे.

त्याच्या गाडीत मागं ओल्या गोणपाटात केळीची पानं गुंडाळलेली पाहिली. मी "कुठं?" विचारलं नाही. कवळ्या शेंगा तोडून त्यांच्याच शेजारी ठेवल्यात. खताच्या आधी त्याची गाडी पुण्याला जाईल, असा माझा अंदाज आहे. अंदाज माझा आहे, त्यामुळे तू तपासून घे.

अक्का, त्या दिवशी ती पोरगी तबक घेऊन दारापर्यंत आली, आणि मी वळून बघितलं नाही. ते मनातून जात नाही. माफीचं एका ओळीचं पत्र तिला वेगळं लिहून गोकुळच्या हातात दिलंय. गेणबा इथंच आलाय, त्याला वाचून दाखवलं, त्यानंही खाली अंगठ्याऐवजी आपली सही केली आणि वर म्हणाला, "तिला इचार, पुढच्या टायमाला पंगत पुरी व्हायची वाट बघावी का आलेलं खावं?" तेही लिहिलंय.

गुरुवारी, भाऊबीजेला, दुपारच्या आत पोहोचतो. पाटावर बसव, ओवाळ, आणि वाढ पोटभर. ताटात काही ठेवणार नाही म्हणून तुला सांगून ठेवतो. पण ठेवलंच काही, तर लगेच ओरडू नकोस. आधी वाकून बघ, आणि मला विचार.

तुझा,
महिपती